बाळंतपणाची सुई आणि वऱ्हाडचं ऊन

मैत्रिणींनो, बाळ झाल्यावर रक्त जास्त जाऊ नये म्हणून आईला ऑक्सिटोसिन टोचतात. (म्हशीचा पान्हा सोडवायला काहीजण चोरून देतात, तेच हे.) नऊ अमिनो आम्लांची ही छोटी माळ; तिचं कडं गंधकाच्या दोन अणूंनी सांधलेलं. उष्णतेनं सांधा बिघडतो, औषधाचा जोर उतरतो. म्हणून ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं. अकोल्यात तर पारा 45 गाठतो!

रसायनशास्त्रज्ञांनी एका गंधकाच्या जागी कार्बन बसवला, माळेचं टोकही बदललं. झालं कार्बेटोसिन. पुढं त्याचं द्रावणही सुधारलं. ते 30 अंशांत तीन वर्षं टिकतं. भारतासह 10 देशांतल्या सुमारे 30 हजार बाळंतिणींवरची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. हे औषध ऑक्सिटोसिनच्या तोडीचं निघालं. कळा आणायला मात्र ते चालत नाही.

मेळघाटात वीज गेली की फ्रिजही बंद, म्हणून आम्हाला हे औषध तिथं आधी हवंसं वाटतं. तोवर दवाखान्यात विचारा: सुई फ्रिजातलीच ना?