दुहेरी काचेंतील धुकें

थंड देशांत खिडकीस एकीऐवजीं दोन काचा बसवितात. मध्यें कोंडलेली कोरडी हवा घरांतील ऊब सहजीं बाहेर जाऊं देत नाहीं. या युक्तीचें पेटंट न्यूयॉर्कच्या स्टेट्सन यांनीं १८६५ सालीं घेतलें.

दोन काचांमध्यें कडेनें पोकळ पट्टी असते. तींत ओल शोषणारे झिओलाइटचे मणी भरतात आणि ब्यूटिल रबर व सिलिकोन यांच्या लेपांनीं सांधा बंद करितात. परंतु आंतील हवा उन्हानें फुगते, रात्रीं आकसते. काचा किंचित् वांकतात व सांध्यावर ताण पडतो. त्यांतच चौकटींत पाणी सांचून राहिलें म्हणजे सांधा सुटूं लागतो. आंत शिरलेलें बाष्प मणी शोषितात. पण त्यांचीही तहान एके दिवशीं भागते, आणि मग काचांच्या मध्यें धुकें दिसूं लागतें.

परीक्षा सोपी आहे. धुकें आंतूनही पुसलें जात नाहीं व बाहेरूनही नाहीं, तर सांधा गेला असें समजावें. भोंक पाडून वाळविल्यानें तो पुन्हां जुळत नाहीं. चौकट धड असल्यास काचांची जोडीच तेवढी बदलावी. मात्र चौकटीच्या तळाशीं पाणी निघून जाण्याचीं छिद्रें मोकळीं आहेत ना, हें आधीं पाहावें. नाहीं तर नव्या जोडीचीही तीच गत व्हावयाची.