ऑपरेशननंतर फाईल मागा!

आमच्या इनामगावच्या आत्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ताप, पोट फुगलेलं. ‘होतं असं,’ म्हणाले, डॉक्टर काही फिरकले नाहीत. दुसरीकडे हलवून पू काढला, तेव्हा ताप उतरला. आधीच्या दवाखान्याकडे फाईल मागितली, तर म्हणे मिळत नाही!

मंडळी, मिळते. २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागते. अर्ज लेखी करा, पोच घ्या.

१९६३ साली औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात नसबंदी करताना एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला. दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडल्यावर सापडला. बाई वाचली नाही. सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं, पण १९९६ साली. तेहेतीस वर्षं!

पैसे भरून उपचार घेतले असतील, तर ग्राहक आयोगही आहे. मुदत दोनच वर्षं.