सायलेन्सर बदलून ‘अ‍ॅव्हरेज’ खरेच वाढते?

मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून बाजारात मिळणारा मोकळा सायलेन्सर बसवला, की गाडीचा दम तर वाढतोच, शिवाय अ‍ॅव्हरेजही सुधारते, असे कोणत्याही गॅरेजच्या बाकावर हमखास ऐकायला मिळते. इंजिनाला श्वास मोकळा मिळाला की ते कमी पेट्रोलमध्ये अधिक काम करणार, हा युक्तिवाद पटण्यासारखाही आहे. पेट्रोलने लिटरमागे शंभरी गाठल्यापासून तर आवाजाची हौस भागवणाऱ्यांना खर्चाच्या समर्थनासाठी हे कारण आयतेच सापडले आहे. घरच्यांना सांगायलाही ते बरे पडते! परंतु शहरातील रोजच्या वापराचा विचार केला, तर हा दावा टिकत नाही. बहुतेक वेळा परिणाम उलटाच होतो.

असे का होते, हे समजण्यासाठी इंजिनाचा श्वास नेमका कोठे अडतो ते पाहावे लागेल. पेट्रोल इंजिनाची ताकद आत येणाऱ्या हवेवर नियंत्रण ठेवून कमी-अधिक केली जाते. उजव्या हाताची मूठ पिळली की कार्बोरेटरमधील किंवा थ्रॉटल बॉडीतील झडप उघडते आणि हवा आत शिरते. साडेतीनशे सीसीची मोटारसायकल सुमारे २० अश्वशक्ती देत असली, तरी सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाण्यासाठी तिला त्यातील जेमतेम ३ अश्वशक्ती लागते. याचा अर्थ, शहरात फिरताना ही झडप बराच काळ जवळपास मिटलेलीच असते. पिस्टन त्या अरुंद फटीतून हवा खेचत राहतो आणि या खेचाखेचीत इंजिनाची बरीच शक्ती वाया जाते. श्वास अडतो तो पुढच्या दाराशी. मागचे दार कितीही मोठे केले तरी त्यात फरक पडत नाही.

मागच्या दाराचे गणितही सोपे आहे. सायलेन्सरमधून जाणाऱ्या वायूचा प्रवाह चौथाई झाला, तर त्याला होणारा अटकाव ढोबळमानाने सोळाव्या भागाइतका उरतो. कारण हा अटकाव प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत धावणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये मुळात फारसा अटकाव नसतोच. मोकळ्या सायलेन्सरचा लाभ दिसतो तो मूठ पूर्ण पिळून इंजिन उच्चतम फेऱ्यांवर नेल्यावर. तोही बेताचाच, आणि त्या क्षणी अ‍ॅव्हरेजचा विचार कोणी करत नसते.

मग हा समज एवढा रुजला कसा? त्याचे मूळ बहुधा टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात आहे. त्या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळत असे आणि सायलेन्सरच्या आत काजळीचे थर साचत. सायलेन्सर चोंदला की स्कूटर चढाला दमायची, पेट्रोल अधिक प्यायची. मग तो काढून, जाळून, ठोकून साफ केला जाई आणि गाडी पुन्हा ताजीतवानी होई. ‘सायलेन्सर मोकळा केला की अ‍ॅव्हरेज वाढते’ हा अनुभव त्या गाड्यांपुरता खराच होता.

टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचे महत्त्व आणखीही एका कारणाने मोठे होते. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेली आणि आजही हौशी मंडळी जिवापाड जपत असलेली यामाहा आरएक्स १०० हे त्याचे परिचित उदाहरण. अशा इंजिनात ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असतानाच जळलेला वायू बाहेर जाण्याचा मार्गही उघडा असतो. त्यामुळे काही पेट्रोल न जळताच बाहेर निसटते. सायलेन्सरचा फुगीर आणि शेवटी निमुळता होत जाणारा भाग दाबाची एक लाट परत पाठवतो आणि ती लाट निसटू पाहणारे मिश्रण नेमक्या वेळी सिलिंडरमध्ये ढकलते. लांबी-जाडीत चूक झाली की वेळ चुकली आणि पेट्रोल थेट रस्त्यावर! तेथे सायलेन्सरच्या आकारावर अ‍ॅव्हरेज थेट अवलंबून असते, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनात झडपा असल्याने ही गळती जवळपास नाहीच. लाटांचा खेळ मात्र येथेही चालतो. जळलेला वायू वेगाने बाहेर पडला की त्याच्यामागे दाब कमी होतो आणि पुढच्या मिश्रणाला आत खेचण्यास मदत होते. पाइपची लांबी आणि व्यास यांवरून ही मदत इंजिनाच्या कोणत्या फेऱ्यांना मिळणार, ते ठरते. ‘इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच’ हे गॅरेजमधील दुसरे लाडके वाक्य. अटकाव इंजिनाला कधीच हवा नसतो. हवी असते ती योग्य वेळी येणारी लाट. गरजेपेक्षा जाड पाइप लावल्यास वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरचा जोर घटतो. मग चौथ्या गिअरमध्ये जे सहज जमत होते, त्यासाठी तिसरा टाकावा लागतो आणि अधिक फेऱ्या म्हणजे अधिक पेट्रोल, हे ओघाने आलेच.

पुण्याच्या बजाज ऑटोने २००० नंतरच्या दशकात आपल्या काही मोटारसायकलींच्या एक्झॉस्ट पाइपला एक छोटी बंद कुपी जोडली आणि त्या योजनेला ‘एक्झॉस्टेक’ असे नाव दिले. कमी फेऱ्यांवर इंजिनाचा जोर वाढावा, हाच त्यामागचा हेतू. शहरात याच जोराची गरज असते. अशा गाडीचा एक्झॉस्ट काढून सरळ नळी बसवणारा ग्राहक, त्याने पैसे मोजून घेतलेली अभियांत्रिकीच भंगारात टाकत असतो.

सायलेन्सरमुळे होणारे नुकसान तरी मर्यादित असते. अ‍ॅव्हरेजला खरा फटका बसतो तो त्यापाठोपाठ येणाऱ्या ‘ट्यूनिंग’मुळे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर हे प्रमाण १२.५ ते १३ पर्यंत खाली आणावे लागते, म्हणजेच मिश्रण ‘रिच’ करावे लागते. जास्तीत जास्त अ‍ॅव्हरेज मात्र सुमारे १५.५ ते १६ या ‘लीन’ टप्प्यात मिळते. ताकद आणि अ‍ॅव्हरेज या दोन विरुद्ध दिशा आहेत आणि एकाच स्क्रूने दोन्हीकडे जाता येत नाही.

कार्बोरेटरच्या गाडीला मोकळा सायलेन्सर आणि त्याच्या जोडीला मोकळा एअर फिल्टर लावला, की हवा वाढते आणि मिश्रण लीन होते. रेस सोडताच सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे आवाज येऊ लागतात, इंजिन अधिक तापते. यावर मेकॅनिकचा नेहमीचा उपाय म्हणजे मोठा जेट. जेटच्या छिद्राचा व्यास अवघा पाच टक्क्यांनी वाढला, तर त्याचे क्षेत्रफळ दहा टक्क्यांहून अधिक वाढते. हवेतील वाढ तेवढी नसेल तर उरलेले पेट्रोल नुसतेच वाया जाते. स्पार्क प्लग काढून पाहिला आणि त्याच्या टोकाला फिकट तपकिरी रंगाऐवजी काळी कोरडी काजळी धरलेली दिसली, तर पैसे कोठे जळत आहेत, याचे उत्तर मिळते.

येथे एक गोष्ट मान्य करायला हवी. सायलेन्सर बदलला, जेट मात्र तोच ठेवला आणि अ‍ॅव्हरेज एक-दोन किलोमीटरने वाढले, असे सांगणारे सगळेच खोटे बोलत नाहीत. मिश्रण लीन झाल्याने तसे घडू शकते. पण त्याची किंमत इंजिन चुकवते. लांबच्या प्रवासात, भर उन्हाळ्यात, घाट चढताना असे इंजिन प्रमाणाबाहेर तापते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पिस्टन यांचे काम निघाले तर वर्षभरात वाचवलेले पेट्रोल एका बिलात परत जाते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. इंधन आता इंजेक्टरमधून येते आणि ते किती सोडायचे, हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. एक्झॉस्ट पाइपमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला मिश्रणाची खबर देत असतो आणि संथ, एकसारख्या वेगात ईसीयू त्या खबरीनुसार मिश्रण सतत दुरुस्त करतो. त्यामुळे केवळ सायलेन्सरचा मागचा डबा बदलला तर अ‍ॅव्हरेजमध्ये सहसा काहीच फरक पडत नाही. वाढही नाही आणि घटही नाही.

गडबड होते ती बसवण्यातील ढिलाईने. सेन्सरच्या आधीच्या जोडावर गॅस्केट नीट बसले नाही, तर वायूच्या प्रत्येक ठोक्यामागून बाहेरची थोडी हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, मिश्रण लीन आहे असा ईसीयूचा समज होतो आणि तो पेट्रोल वाढवतो. स्वस्तातल्या काही पूर्ण एक्झॉस्टमध्ये सेन्सर बसवायला जागाच नसते. अशा वेळी तो काढून टाकला जातो, मीटरवर इंजिनाचा दिवा पेटतो आणि ईसीयू सावध पवित्रा घेऊन ठरावीक इंधन ओतत राहतो. ग्राहक मात्र ‘नवीन गाड्यांना पूर्वीसारखे अ‍ॅव्हरेज राहिले नाही’ म्हणून कंपनीला बोल लावतो.

ईसीयूचे रीमॅपिंग किंवा त्याला जोडायचा वेगळा ट्यूनिंग बॉक्स हा अलीकडचा प्रकार. कंपनीने प्रदूषणाच्या मर्यादेसाठी बांधून ठेवलेले मिश्रण तो बॉक्स थोडे रिच करतो. गाडी हलकी उचलते, संथ वेगातील झटके कमी होतात, इंजिन थोडे थंड राहते. हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण हवा-पेट्रोलचे प्रमाण १४.७ वरून १३.५ वर आणले, तर तेवढ्याच हवेसाठी सुमारे ९ टक्के अधिक पेट्रोल जाते. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे अ‍ॅव्हरेज ३५ वरून ३२ वर आले आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ३,२०० रुपयांचा भुर्दंड बसतो. बॉक्सची किंमत वेगळीच.

आणखी एक घटक या हिशेबात आला आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या दुचाकींच्या इंधन कार्यक्षमतेत यामुळे ३ ते ४ टक्के घट अपेक्षित धरली होती. सेन्सर असलेली गाडी मिश्रण आपोआप जुळवून घेते. कार्बोरेटरची गाडी घेऊ शकत नाही, ती थोडी लीन चालते. अशा जुन्या गाडीवर मोकळा सायलेन्सर चढवणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

पेट्रोल वाचवणारे बदल वेगळेच आहेत आणि त्यांना आवाज नाही. पुढचे चेन स्प्रॉकेट १४ ऐवजी १५ दातांचे बसवले, तर त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या जवळपास ७ टक्क्यांनी कमी होतात. महामार्गावर त्याचा उपयोग होतो. मात्र दोघांना घेऊन चढ चढणाऱ्याला ते जड जाईल. टायरमधील हवा, चेनचा ताण, घासत न राहणारे ब्रेक, वेळेवर बदललेला एअर फिल्टर यांची यादी प्रत्येक मॅन्युअलमध्ये असते आणि ती कोणी वाचत नाही. सर्वांत मोठा वाटा वेगाचा. ताशी ६० ऐवजी ८० च्या वेगाने गेल्यास वाऱ्याचा विरोध सुमारे पावणेदोन पट होतो. मोकळ्या सायलेन्सरचा आवाज चालकाला मूठ अधिक पिळायला लावतो, हे कोणत्याही आलेखात दिसत नसले तरी पंपावर दिसते.

कायद्याची बाजू थोडक्यात. दुचाकीचे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये तिच्या धुराची आणि आवाजाची चाचणी होते, तीही मूळ सायलेन्सरसह. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२) नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्यासाठी अपात्रता अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवण्याचे कार्यक्रम राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी जाहीरपणे केले आहेत. मूळ सायलेन्सरबरोबर त्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन थेट मागच्या दुचाकीस्वाराच्या नाकात जातात, ही बाब वेगळीच.

एवढे असूनही ज्यांना बदल करून पाहायचाच आहे, त्यांनी आधी मूळ स्थितीतील अ‍ॅव्हरेज मोजून ठेवावे. मीटरवरील आकड्यावर विसंबू नये. एकाच पंपावर टाकी गळ्यापर्यंत न भरता ठरावीक खुणेपर्यंत भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, नेहमीच्या रस्त्याने फिरावे आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरताना लागलेल्या लिटरने भागावे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये; किमान तीन टाक्यांची सरासरी घ्यावी, कारण वाहतूक, पाऊस आणि मागे बसणारी व्यक्ती यांनीही दोन-तीन किलोमीटरचा फरक पडतो. नंतर बदल करून तीच मोजणी पुन्हा करावी. आणि काढलेला मूळ सायलेन्सर भंगारवाल्याला देऊ नये. गाडी विकताना तो लागतोच.