अमेरिकेंतील आमिश शेतकरी आणि त्यांचे शेजारी

अमेरिकेंतील शेती म्हटली म्हणजे अवजड यंत्रें, हजारों एकरांचीं शेतें आणि बोटांवर मोजण्याइतकीं माणसें असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तें बहुतांशीं खरेंही आहे. परंतु त्याच देशांत घोड्यांच्या नांगरानें शेत नांगरणारे, घरांत विजेची तार न घेणारे, मोटार विकत न घेणारे आणि तरीही मुलांसाठीं नवीन जमिनी खरेदी करणारे शेतकरी आहेत. त्यांना आमिश म्हणतात. त्यांच्या साधेपणाची स्तुति करणारें लेखन पुष्कळ प्रसिद्ध होतें. त्यांच्या शेजारीं ज्यांना शेती करावी लागते त्यांचें म्हणणें मात्र त्यांत क्वचितच आढळतें. प्रस्तुत लेखांत त्या शेजारपणाचा, विशेषतः त्यांतून उद्भवलेल्या तंट्यांचा, विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. खरी तक्रार किती व आकस किती हें निवडल्यावांचून शेजाऱ्यांचीं भांडणें मिटत नाहींत. आणि आमिशांच्या बाबतींत हें निवडण्याचें काम तेथील न्यायालयांना, कायदेमंडळांना व गांवकऱ्यांना पुनःपुन्हां करावें लागलें आहे.

आमिश या नांवाचा आपल्याकडील आमिषाशीं कांहीं संबंध नाहीं. इ. स. १६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड व आल्सास या भागांतील ख्रिस्ती पंथीयांत शिस्तीवरून फूट पडली, तेव्हां याकोब अम्मान नांवाच्या पुढाऱ्याच्या मागें जे गेले ते आमिश. लहान मुलांस बाप्तिस्मा देऊं नये आणि शस्त्र धरूं नये या मतांमुळें त्यांच्या पूर्वजांचा युरोपांत फार छळ झाला. अठराव्या शतकांत ते पेन्सिल्व्हानियांत येऊं लागले. घरीं ते अजून जर्मन भाषेची एक बोली बोलतात. १९२० च्या सुमारास त्यांची संख्या सुमारें ५,००० होती. आज ती ४,००,००० च्या घरांत गेली असून सुमारें वीस वर्षांत दुप्पट होते. कुटुंबांत सहा-सात मुलें असणें ही सामान्य गोष्ट, आणि मोठेपणीं पंथ सोडून जाणारे थोडे. ही वाढ वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील बहुतेक तंट्यांच्या मुळाशीं तीच आहे. जुन्या वस्तींत जमीन पुरत नाहीं, म्हणून कांहीं कुटुंबें उठून दूरच्या राज्यांत जातात; आणि ज्यांनीं आमिश मनुष्य कधीं पाहिलाही नाहीं अशा शेतकऱ्यांच्या शेजारीं एके दिवशीं बग्ग्यांची रांग येऊन उभी राहते.

यंत्र म्हणजे पाप, असें आमिश मानितात हा समज चुकीचा आहे. एखाद्या वस्तूमुळें घर व शेजार एकमेकांपासून तुटतील काय, हा प्रश्न ते विचारतात व प्रत्येक मंडळी आपापले नियम ठरविते. त्यामुळें एका गांवचे आमिश जी गोष्ट वापरतात ती दुसऱ्या गांवचे निषिद्ध मानितात. त्यांतल्या त्यांत स्वार्ट्झनट्रूबर नांवाचा पोटभेद अत्यंत कडक आहे, आणि अलीकडच्या पुष्कळशा खटल्यांत त्याचेंच नांव येतें.

प्रथम रस्त्याचा प्रश्न घेऊं. डांबरी रस्त्यावर घोडा घसरूं नये म्हणून त्याच्या नालेस टंगस्टन कार्बाइडसारख्या अति कठीण धातूचे तुकडे बसवितात. रोज शेंकडों घोडे एकाच पट्ट्यावरून धावले म्हणजे डांबर उखडून लांबच लांब खोबण पडते, पावसांत तींत पाणी सांचतें, आणि मोटारवाला घसरतो. ही तक्रार काल्पनिक नव्हे. ‘आम्हीं पेट्रोलावरील करांतून रस्ते बांधावयाचे आणि यांनीं ते फोडावयाचे’, असें शेजारी म्हणतात तेव्हां त्यांत तथ्य असतें. इंडियाना राज्यांतील कांहीं काउंट्यांनीं, म्हणजे जिल्ह्यांनीं, यावर सरळ उपाय केला: बग्गीस क्रमांकाची पाटी घ्यावयाची व तिची वार्षिक फी भरावयाची. लाग्रेंज काउंटीतील आमिश ही फी भरतात आणि तो पैसा रस्त्यांकडे लागतो.

याच्या उलट उदाहरण आयोवांतील मिचेल काउंटीचें. तेथील तंटा आमिशांशीं नव्हता, त्यांच्याच जातकुळीच्या जुन्या वळणाच्या मेनोनाइट लोकांशीं होता. हे लोक ट्रॅक्टर चालवितात, परंतु त्यास रबरी टायर चालत नाहींत. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते तशीं पोलादी चाकें लागतात. रबर आलें कीं ट्रॅक्टरवर बसून मुलें शहराकडे हिंडूं लागतील, ही भीति. काउंटीनें काँक्रीटचे नवे रस्ते केले होते, म्हणून २००९ मध्यें पोलादी चाकांस बंदी करणारा नियम झाला. २०१२ मध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तो या लोकांच्या बाबतींत लागू होऊं शकत नाहीं असा निकाल दिला. कारण मोठें मार्मिक आहे. हिवाळ्यांत बर्फावर घसरूं नये म्हणून शाळेच्या मोटारींच्या टायरांस लोखंडी खिळे चालत होते. त्यांनीं रस्ता खराब होतो हें कोणास खटकलें नव्हतें. रस्त्याची काळजी खरी असती तर ती सर्व चाकांच्या बाबतींत दिसली असती.

लिदीवरूनही तंटे होतात. केंटकींतील ऑबर्न या लहान गांवानें २०१४ मध्यें घोड्याच्या मागें लीद झेलणारी पिशवी बांधण्याचा नियम केला. स्वार्ट्झनट्रूबर लोकांनीं तो मानला नाहीं आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. ज्यास लीद म्हणजे खत एवढेंच ठाऊक आहे त्यास हें हास्यास्पद वाटेल. परंतु रस्त्यावरची लीद कोणाच्याच शेतांत जात नाहीं, ती मोटारीच्या चाकांनीं दारापर्यंत येते.

रात्रीच्या अपघातांचा प्रश्न याहून गंभीर आहे. काळी बग्गी ताशीं आठ-दहा मैलांनीं जाते, मोटार पन्नासांनीं येते, आणि चढ ओलांडतांच दोहोंमधील अंतर क्षणांत संपतें. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत मंदगति वाहनांसाठीं नारिंगी त्रिकोणाची खूण निघाली व बहुतेक आमिशांनीं ती लावली. कडक पोटभेदांनीं मात्र नाकारली. भडक रंग आणि ईश्वराऐवजीं लौकिक चिन्हावर विसंबणें, हे दोन आक्षेप. मिनेसोटांत खटला झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९९० मध्यें असें ठरविलें कीं, चकाकणारी रुपेरी पट्टी व पेटता लाल कंदील यांनीं बग्गी पुरेशी दिसत असेल तर त्रिकोणाचाच आग्रह धरतां येत नाहीं. केंटकींत असे आमिश दंड भरावयास तयार नसल्यामुळें तुरुंगांत गेले. तेथील न्यायालय त्यांच्या विरुद्ध गेलें, परंतु कायदेमंडळानें २०१२ मध्यें कायदाच बदलून पट्टीस मान्यता दिली. दिसावयास पाहिजे ती बग्गी, त्रिकोण नव्हे, ही गोष्ट दोन्ही ठिकाणीं उशिरानें कां होईना मान्य झाली. ओहायोनें २०२२ मध्यें बग्गीवर उघडमीट होणारा पिवळा दिवा सक्तीचा केला आणि तेथें तोच वाद नव्यानें उभा राहिला.

सांडपाण्याचें प्रकरण शेतकऱ्यास विशेष समजण्यासारखें आहे. मिनेसोटांतील फिलमोर काउंटीची जमीन चुनखडीच्या खडकाची. त्या खडकांत भेगा व पोकळ्या असल्यामुळें वरची घाण न गाळली जातां थेट विहिरींत उतरूं शकते. म्हणून २०१३ मध्यें प्रत्येक घराच्या धुण्याभांड्यांच्या पाण्यास सेप्टिक टाकी असलीच पाहिजे असा नियम झाला. स्वार्ट्झनट्रूबर कुटुंबांनीं टाकीस नकार दिला, आणि तिच्याऐवजीं लाकडाच्या ढलप्यांनीं भरलेल्या खड्ड्यांत पाणी जिरविण्याची तयारी दाखविली. कित्येक इतर राज्यांत ही पद्धति मान्य आहे. अधिकाऱ्यांनीं ऐकलें नाहीं. शेवटीं तर हीं कुटुंबें घराबाहेर काढावीं अशी मागणी न्यायालयापुढें गेली. २०२१ मध्यें देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण परत धाडलें आणि २०२३ मध्यें राज्याच्या अपील न्यायालयानें आमिशांच्या बाजूनें निकाल दिला. सरकारची चिंता खोटी नव्हती. परंतु या कुटुंबांच्या शेतांत ढलप्यांचा खड्डा चालणार नाहीं हें त्यास सिद्ध करतां आलें नाहीं. उलट पेन्सिल्व्हानियांतील लँकेस्टर काउंटींत दाट वस्तीच्या दुभत्या जनावरांचें शेण ओढ्यांतून चेसापीक उपसागरापर्यंत जातें, आणि तेथें आमिश शेतकऱ्यांचा वांटा मोठा आहे. साधेपणानें राहणाऱ्याच्या गोठ्यांतलें शेणपाणी निरुपद्रवी असतें असें थोडेंच आहे?

जमिनीच्या भावावरून होणारी धुसफूस न्यायालयांत येत नाहीं, पण आमच्या मतें तीच सर्वांत खोल आहे. मोठ्या यंत्रांच्या शेतकऱ्यास शेजारचे ऐंशी एकर आपल्या शेतास जोडून घ्यावयाचे असतात. आमिश बापास तेवढ्यांत एका मुलाचा संसार उभा करावयाचा असतो, आणि भाऊबंद मिळून तो अधिक बोली करतो. बोली हरलेला शेजारी घरीं जाऊन रस्त्याबद्दल व लिदीबद्दल बोलूं लागतो. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागांत याच लोकांनीं ओस पडलेलीं दुधाचीं शेतें पुन्हां उभीं केलीं, हेंही नमूद केलें पाहिजे. पण त्याच भागांतील मॉरिसटाउन येथें घरें बांधण्याच्या परवान्यांवरून त्यांच्यावर खटले झाले. त्यांनीं २००९ मध्यें उलट दावा केला आणि २०१२ मध्यें तो तडजोडीनें मिटला.

आतां निव्वळ आकसाकडे वळूं. ‘आमिश कर भरीत नाहींत’ हें वाक्य त्या देशांत जेथें तेथें ऐकूं येतें. वस्तुतः ते प्राप्तीवरील कर भरतात, जमिनीवरील कर भरतात, आणि स्वतःच्या शाळा स्वखर्चानें चालवून सरकारी शाळेचाही कर भरतात. सूट आहे ती सरकारी वार्धक्यविम्याच्या वर्गणीपुरती, आणि ती घेणारे त्या विम्याचें एक सेंटही घेत नाहींत. म्हाताऱ्यांना मुलें सांभाळतात. ही सूट सहज मिळालेली नाहीं. १९६१ मध्यें पेन्सिल्व्हानियांतील व्हॅलेंटाइन बायलर या शेतकऱ्याचे तीन घोडे सरकारी अधिकाऱ्यांनीं वसंतांतील नांगरटीच्या वेळीं शेतांतून सोडून नेऊन लिलावांत विकले. देशभर ओरड झाली व १९६५ मध्यें कायदा बदलला. ज्याचे जूं ऐन हंगामांत सुटले आहे त्यास या प्रसंगाचें मर्म सांगावयास नको.

शाळांच्या भांडणांतही वरून एक व आंत एक असा प्रकार दिसतो. आयोवांतील हेझल्टन येथें १९६५ च्या नोव्हेंबरांत अधिकारी आमिश मुलांना मोटारींत घालून शहरच्या शाळेंत नेण्यास आले आणि मुलें मक्याच्या शेतांत पळालीं. वाद दिसावयास पात्र शिक्षकांचा होता. परंतु त्यापूर्वीं हेझल्टनची शाळा शेजारच्या ओलवाइन शहराच्या शाळेंत विलीन करण्याबद्दल मतदान झालें होतें. आपल्या शाळा राखल्या जातील या आशेनें आमिशांनीं विलीनीकरणास मतें दिलीं, आणि आपला पराभव त्यांनींच घडविला हा राग हेझल्टनकरांच्या मनांत राहिला. विस्कॉन्सिनमधील न्यू ग्लॅरस येथें तर सरकारी अनुदान सप्टेंबरांतील पटावरून ठरत असे. तेवढ्यापुरतीं तरी मुलें शाळेंत ठेवा, अशी विनंती आमिशांस केली गेली. त्यांनीं ती मानली नाहीं, मग फिर्याद झाली व बापांना पांच-पांच डॉलर दंड झाला. याच खटल्यांत १९७२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आठव्या इयत्तेपुढें शाळेची सक्ति आमिशांवर करतां येत नाहीं असा प्रसिद्ध निकाल दिला. आमिश स्वतः होऊन सहसा न्यायालयांत जात नाहींत. त्यांची बाजू लढविणारी समिति व वकील पंथाबाहेरचे होते.

फिर्याद न करण्याच्या याच वृत्तीमुळें टवाळ पोरांचें फावतें. बग्गीवर दगड फेकणें, कंदील फोडणें हे खेळ कित्येक ठिकाणीं पिढ्यान् पिढ्या चालत आले. १९७९ मध्यें इंडियानांतील बर्न गांवाजवळ चालत्या गाडींतून तरुणांनीं फेकलेला कौलाचा तुकडा बग्गींतील आईच्या मांडीवरच्या तान्ह्या मुलीस लागून ती मरण पावली. त्या तरुणांस तुरुंगवास भोगावा लागला नाहीं. १९९२ मध्यें पेन्सिल्व्हानियांतील एका खोऱ्यांत एकाच रात्रीं आमिशांचीं अनेक कोठारें जाळण्यांत आलीं, आंत जनावरें होतीं. तेव्हां मात्र पंथाबाहेरचे शेजारीही लाकूड व माणसें घेऊन धावले. आपल्याकडे सावड असते तशी त्यांच्यांत कोठार उभारणीची रीत आहे. या खेपेस तींत परके हातही मिसळले.

अशी सरमिसळ केवळ संकटांतच होते असें नाहीं. दुधाचें उदाहरण घ्या. १९६० नंतरच्या दशकांत लँकेस्टरच्या दूध कंपन्यांनीं मोठ्या थंड टाकीचा आग्रह धरला आणि रविवारींही दूध उचलूं म्हटलें. आमिश धर्मगुरूंनीं डिझेल यंत्रावर चालणारी टाकी मान्य केली, रविवार मात्र सोडला नाहीं. कंपन्यांनीं रविवार सोडला. त्याच काउंटींत गांवोगांवच्या स्वयंसेवी अग्निशामक दलांत आमिश पुरुष आहेत. ते बंब चालवीत नाहींत, पण त्यावर चढून आगीवर जातात. वसंताच्या आरंभीं, बर्फ वितळून जमीन चिखलाची झालेली असतांना, या दलांसाठीं लिलाव भरतात. त्यांना तिकडे चिखलाचे बाजारच म्हणतात. आमिश बायकांनीं शिवलेल्या गोधड्या, बग्ग्या, घोडे, जुनीं अवजारें तेथें विकलीं जातात, मोटारवाले शेजारी व दूरचे प्रवासी बोली करतात, आणि त्या पैशांतून दलास नवा बंब येतो.