‘प्रीपोन’ला चूक ठरवण्याआधी

बंगळुरूत मारतहळ्ळीच्या आउटर रिंग रोडवरच्या आयटी कंपन्यांत मराठी मुलं नव्यानं रुजू झाली, की त्यांना एक धडा हमखास मिळतो : “‘प्रीपोन’ म्हणू नकोस. असा इंग्रजी शब्दच नाही, तो आपल्या लोकांनी चुकून बनवलाय.” हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की लातूर-सांगलीहून आलेला मुलगा पुढच्या मीटिंगमध्ये बोलायलाच कचरतो.

अहो, सांगण्याआधी शब्दकोश तरी उघडा! ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) आहे. १९१३ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या पत्रात जॉन ट्रेनर यांनी ‘पोस्टपोन’ला जोडीदार म्हणून, मुख्यतः वकिलांच्या सोयीसाठी, हा शब्द सुचवला होता. अमेरिकेत तो रुजला नाही, भारतात रुजला. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ किंवा ‘मूव्ह अप’ म्हणण्यापेक्षा तो सुटसुटीत आहे आणि ‘पोस्टपोन’ माहीत असलेल्याला समजावून सांगावा लागत नाही.

मुळात अशा दुरुस्त्यांमागचं, शब्दाचा एकच खरा अर्थ असतो, हे गृहीतकच चुकीचं आहे. चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात एक प्रसंग नोंदवलाय. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण ‘टेबल’ करायचं होतं, म्हणजे तातडीनं चर्चेला घ्यायचं होतं. अमेरिकनांच्या लेखी ‘टेबल’ करणं म्हणजे बाजूला ठेवणं. दोघांना हवं होतं एकच, तरी वाद बराच वेळ चालला. यात चुकीचं इंग्रजी कोणाचं?

आणखी काही गैरसमज :

‘डू द नीडफुल’ भारतीयांनी बनवलं : नाही. ब्रिटिशांच्या जुन्या पत्रव्यवहारातला हा प्रयोग तिकडे मागे पडला, इकडे टिकला.

‘पास आउट’ म्हणजे फक्त बेशुद्ध पडणं : मग खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड कशाची होते? प्रशिक्षण पूर्ण करणं हा अर्थ ब्रिटिश लष्करातलाच.

आपले सगळे प्रयोग जगभर चालतात : हेही खरं नाही. ‘आय हॅव अ डाउट’मध्ये आपल्याला फक्त प्रश्न विचारायचा असतो, परदेशी क्लायंटला मात्र अविश्वास ऐकू येऊ शकतो. ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे आपल्या लेखी ‘उत्तर द्या’. कोडबद्दलच्या मेलमध्ये त्याचा अर्थ ‘केलेला बदल मागे घ्या’ असा होऊ शकतो. तिथे सरळ ‘रिप्लाय’ लिहावं.

समोरचा कोण आहे ते पाहून शब्द निवडायला नव्या मुलांना जरूर शिकवा. पण शब्दकोशात असलेल्या शब्दासाठी चारचौघांत त्यांना खाली पाहायला लावू नका.