पुरावा कोणाच्या हातचा? लेखापरीक्षणाच्या आरंभिक अभ्यासाचा आढावा

वाणिज्य शाखेचा नवा विद्यार्थी लेखापरीक्षणाकडे वळतो, तेव्हा रोजकीर्दीतील रकमा प्रमाणकांशी ताडून त्यांपुढे खुणा करीत जाणे एवढेच या विद्येचे स्वरूप असावे, अशी त्याची समजूत असते; आणि आर्टिकलशिपचे पहिले काही महिने ती समजूत बहुधा दृढच करतात. प्रमाणके ताडलीच पाहिजेत, हे निर्विवाद. परंतु समोर आलेला कागद कोणी निर्माण केला, तो कोणाच्या हातून आला, आणि त्या आकड्यांत त्याचा काही हितसंबंध गुंतला आहे काय, हा प्रश्न त्याहून मूलगामी असून माझ्या मते अभ्यासाचा आरंभ तेथूनच व्हावा.

हा विचार आपल्या मुलखाला परका नव्हता. पेशवाईत मामलतदाराच्या जोडीला मजुमदार, फडणीस इत्यादी दरकदार असत. त्यांना बडतर्फ करण्याचा अधिकार मामलतदाराला नसे, आणि त्यांच्या हाताखालून गेल्यावाचून हिशेबाचे कागद पुरे होत नसत. ज्याचा कारभार तपासावयाचा त्याच्या मर्जीवर तपासणाराची चाकरी अवलंबून नसावी, हेच तत्त्व आजच्या कायद्यातही आहे: 2013 च्या कंपनी कायद्यानुसार लेखापरीक्षकाची नियमित नेमणूक भागधारक सर्वसाधारण सभेत करतात, आणि त्याचा अहवालही त्यांनाच उद्देशून असतो.

इंग्लंडातील किंग्स्टन कॉटन मिलच्या व्यवस्थापकाने मालसाठ्याची किंमत वर्षानुवर्षे फुगवून दाखविली होती, आणि लेखापरीक्षक त्याच्याच दाखल्यावर विसंबून राहिले होते. 1896 साली अपील न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले; लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, अशा आशयाची न्यायमूर्ती लोप्स यांची उपमा त्याच निकालातील. विद्यार्थी ती तोंडपाठ करतात; पुढे काय घडले, हे मात्र तिच्या जोडीनेच शिकावयास हवे.

1938 साली अमेरिकेतील मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधांच्या कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. सुमारे 8 कोटी 70 लाख डॉलरच्या मालमत्तेपैकी सुमारे 1 कोटी 90 लाख डॉलरचा मालसाठा आणि येणे ही केवळ कागदावर होती. कॅनडातील गोदामांत असल्याचे दाखविलेला माल तेथे नव्हताच. खरेदीची बीजके, विक्रीचे कागद, ऋणकोंची खाती ही सर्व बनावट होती, आणि बनावट असूनही परस्परांशी जुळत होती. कंपनीचा अध्यक्ष पूर्वी शिक्षा भोगलेला, नाव बदलून वावरणारा इसम होता, व त्याचे भाऊही खोट्या नावांनी या कारस्थानात सामील होते. लेखापरीक्षकांनी कागद तपासले, परंतु गोदामांतील माल पाहिला नाही व ऋणकोंना पत्रे धाडली नाहीत. तसे करण्याचा सर्रास प्रघात त्या काळी नव्हता. मालाच्या मोजणीस हजर राहणे आणि येणे रकमांची परस्पर खातरजमा करणे, ही आज प्राथमिक वाटणारी कामे 1939 पासून तेथे रूढ झाली, ती या आघातामुळे.

हा धडा एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला, असे मात्र झाले नाही. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या भारतीय कंपनीच्या अध्यक्षांनी दिलेल्या कबुलीपत्रात 5,040 कोटी रुपयांची रोख व बँकशिल्लक अस्तित्वातच नसल्याचे म्हटले होते. म्हणूनच बँकेला पाठवावयाचे खातरजमेचे पत्र लेखापरीक्षकाने स्वतःच्या ताब्यात ठेवावे, स्वतः रवाना करावे आणि उत्तर थेट आपल्याकडे मागवावे, हा लेखापरीक्षण मानक 505 मधील दंडक विद्यार्थ्याने केवळ परीक्षेपुरता वाचू नये.

पुरावा कोठून घ्यावयाचा, याइतकेच तो कोणत्या दिशेने तपासावयाचा, हेही महत्त्वाचे आहे, आणि येथे बुद्धिमान विद्यार्थ्यांचाही गोंधळ उडतो. वहीत नोंदलेला माल खरोखर आहे काय, हे पाहावयाचे असेल तर वहीतून गोदामाकडे जावे. गोदामातील सर्व माल वहीत चढला आहे काय, हे पाहावयाचे असेल तर गोदामातून वहीकडे यावे. मालमत्ता फुगविल्याचा संशय पहिल्या मार्गाने तपासला जातो, आणि देणी दडपल्याचा संशय दुसऱ्या. धनकोंच्या खात्यांत नोंदलेल्या रकमा कितीही काटेकोरपणे पडताळल्या, तरी जे देणे वहीत चढलेच नाही ते तेथे कसे सापडणार? त्यासाठी वर्षअखेरीनंतर झालेल्या फेडी आणि आलेली बीजके चाळावी लागतात.

इतके करूनही लेखापरीक्षक देतो ती खात्री उच्च दर्जाची, पण संपूर्ण नव्हे. नमुना निवडून तपासणी होते, कित्येक आकडे अंदाजाचे असतात, आणि संगनमताने रचलेला बनाव सावध माणसालाही चकवू शकतो. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या मर्यादित पुनरावलोकनात तर मुख्यत्वे विचारपूस व आकड्यांची तुलना यांवर भर असल्याने, गैर असे काही नजरेस आले नाही, इतक्याच नकारात्मक शब्दांत निष्कर्ष मांडला जातो.

सशर्त अभिप्राय, प्रतिकूल अभिप्राय आणि अभिप्राय देण्यास नकार, हे भेद पाठ्यपुस्तकांत सविस्तर मिळतात. त्यांवर येथे शब्द खर्च करीत नाही. त्यापेक्षा विद्यार्थ्याने एखाद्या सूचिबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल मिळवावा. 1 एप्रिल 2018 पासून सुरू झालेल्या वर्षांच्या अहवालांत, लेखापरीक्षणातील प्रमुख बाबी, असा एक भाग असतो: कोणत्या प्रश्नाने तपासणाराचे लक्ष अधिक वेधले आणि त्यावर त्याने काय केले, हे तेथे नमूद असते. त्यातील प्रत्येक कृतीपुढे पुरावा कंपनीच्या हातचा की बाहेरचा, हे समासात लिहीत जावे.