आवाज उतरवणारे सॉफ्टवेअर संगणकावर बसत नाही तेव्हा

सभा, भाषणे, मुलाखती आणि व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर टंकून देणे हे डीटीपी व टंकलेखनाची दुकाने चालविणाऱ्यांचे जुने काम आहे. मेहनत मोठी आणि मजुरी त्या मानाने थोडी. एका तासाचे भाषण हाताने उतरवावयाचे तर सारा दिवस खर्ची पडू शकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील ओपनएआय कंपनीने ‘व्हिस्पर’ नावाचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुले केले आणि या धंद्याचे गणित बदलले. ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर ते तयार झाले आहे. त्याला मराठीही समजते, मात्र इंग्रजीइतकी सफाई मराठीत नाही. म्हणून मजकूर नजरेखालून घालावाच लागतो. ते आपल्याच संगणकावर चालते, त्यामुळे ग्राहकाने विश्वासाने दिलेली अमानत दुकानाबाहेर जात नाही, हा त्याचा मोठा फायदा होय.

परंतु अनेकांची गाडी पहिल्याच पायरीवर अडते. पडद्यावर लाल अक्षरांच्या तीस-चाळीस ओळी येतात आणि माणूस घाबरून नाद सोडून देतो, किंवा पैसे मोजून कोणाला तरी बोलावतो. वास्तविक यातील बहुतेक अडचणी ठरलेल्या आहेत आणि त्यांचे उपायही ठरलेले आहेत.

दोष कोठे असतो?

व्हिस्पर एकटे काम करीत नाही. ते पायथन या संगणकभाषेवर उभे आहे. त्याचे गणित ‘पायटॉर्च’ आणि ‘नंबा’ करतात, मजकुराचे तुकडे ‘टिकटोकन’ पाडते आणि ध्वनिफीत उघडून देण्याचे काम ‘एफएफएमपेग’ हा स्वतंत्र प्रोग्राम करतो. यांपैकी एक जरी गैरहजर असला तरी काम थांबते आणि दोष मात्र व्हिस्परच्या माथी जातो. म्हणून पहिला नियम असा की, लाल अक्षरे दिसली तर सर्वांत शेवटची ओळ आधी वाचावी. कोणता सोबती रुसला आहे, त्याचे नाव बहुधा तेथेच असते.

नेहमीच्या पाच अडचणी

(१) चुकीचे पाकीट. पायथनचे सामान ‘पिप’ या साधनाने मागवितात. तेथे नुसते ‘व्हिस्पर’ मागितले तर त्याच नावाचे भलतेच सामान येते. ते आकडेवारी साठविण्याचे आहे, आवाजाशी त्याचा काही संबंध नाही. मग ‘लोड मॉडेल’ नावाचा गुणधर्मच नाही, अशी तक्रार पडद्यावर येते. अशा वेळी ते काढून टाकावे आणि ‘ओपनएआय-व्हिस्पर’ या पूर्ण नावाने मागवावे. आपण लिहिलेल्या फाइलीलाही ‘व्हिस्पर’ हे नाव देऊ नये. पायथन खऱ्या व्हिस्परऐवजी तीच उघडते.

(२) फाइल सापडत नाही. सर्वांत जास्त फसविणारी अडचण हीच. ध्वनिफीत डोळ्यांसमोर असते, तरी संगणक म्हणतो, फाइल सापडली नाही. माणूस फितीचे नाव बदलतो, जागा बदलतो, पण उपयोग होत नाही. कारण हरवलेली वस्तू फीत नसून एफएफएमपेग असते. बाकीचे सोबती पिप आपोआप आणून देते, हा प्रोग्राम मात्र आणीत नाही. पिपकडे ‘एफएफएमपेग’ मागितले तरी मूळ प्रोग्राम मिळत नाही. तो विंडोजवर ‘चॉकलेटी’ किंवा ‘स्कूप’ या साधनांनी आणि उबुंटूवर ‘ॲप्ट’ने वेगळा बसवावा लागतो. हाताने उतरवून घेतला असल्यास त्याच्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता विंडोजच्या ‘पाथ’ यादीत टाकावा. नंतर आज्ञा देण्याची खिडकी बंद करून नव्याने उघडावी. जुन्या खिडकीला नवा पत्ता कळत नाही.

(३) पायथन फार नवे किंवा चुकीचे. पायथनची नवी आवृत्ती आता दरवर्षी ऑक्टोबरात येते. नंबा व पायटॉर्च यांना तिच्याशी जुळवून घ्यावयास वेळ लागतो. तोपर्यंत ‘या आवृत्तीवर बसविता येत नाही’ किंवा ‘जुळणारी आवृत्ती सापडली नाही’ असा निरोप मिळतो. तेव्हा एक-दोन पायऱ्या जुने पायथन घ्यावे, आणि ते ६४ बिटचेच असावे. ३२ बिटवर पायटॉर्च मिळत नाही.

(४) सामान एका घरात, शोध दुसऱ्या घरात. एका संगणकावर दोन-तीन पायथन असू शकतात. पिप एकात सामान ठेवते आणि काम दुसऱ्यात सुरू होते. मग ‘व्हिस्पर नावाचे मॉड्यूल नाही’ असे उत्तर येते. म्हणून ज्या पायथनने काम चालवायचे, त्याच्याच मार्फत पिप चालवावे. त्याहून उत्तम म्हणजे पायथनबरोबरच येणारे ‘व्हेन्व्ह’ वापरून या कामासाठी वेगळी खोली करावी. नव्या उबुंटूवर तर बाहेरच्या सामानाला मुख्य घरात मज्जावच असतो, तेथे अशी खोली करणेच योग्य.

(५) ग्राफिक कार्ड आणि मेमरी. ‘एफपी १६ चालत नाही, एफपी ३२ वापरतो’ ही ओळ दोष नव्हे. कार्डाविना काम सुरू आहे, एवढीच ती सूचना होय. काम होते, पण सावकाश. एनव्हिडियाचे कार्ड असूनही हीच ओळ आली तर पायटॉर्च साध्या प्रकारचे बसले असण्याचा संभव आहे. ते काढून ‘कूडा’ असलेला प्रकार बसवावा. मेमरी संपल्याची तक्रार आली तर लहान मॉडेल घ्यावे. ‘स्मॉल’ला कार्डावर सुमारे २ जीबी, ‘मीडियम’ला ५ आणि ‘लार्ज’ला १० जीबी जागा लागते. ज्या मॉडेलच्या नावापुढे टिंब देऊन ‘ईएन’ लिहिले असते, ते केवळ इंग्रजीचे असते. मराठीसाठी घेऊ नये.

याखेरीज पहिल्या वेळी मॉडेल इंटरनेटवरून उतरते. मध्येच वीज किंवा जोडणी गेली तर ते अर्धवट राहते आणि पडताळणी जुळत नाही, असा निरोप येतो. ती अर्धी फाइल पुसून पुन्हा उतरवून घ्यावी.

धंद्याच्या दृष्टीने

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा आणि एक मिनिटाच्या फितीवर परीक्षा घ्यावी. चार उपाय एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी तेच रडगाणे सुरू होते. एकदा काम सुरळीत चालू लागले की ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा देऊन सर्व सोबत्यांच्या आवृत्त्यांची यादी फाइलीत ठेवावी. संगणक बदलला तरी त्या यादीवरून तीच मांडणी पुन्हा उभी करता येते. काम हातात असताना नवी आवृत्ती आली म्हणून ती घेण्याचा मोह टाळावा.

ग्राहकाला सोमवारचा वायदा द्यावयाचा असेल तर सॉफ्टवेअर त्याआधीच बसलेले, तपासलेले असले पाहिजे. सॉफ्टवेअर फुकट मिळाले, पण वायदा मोडला तर गेलेला ग्राहक फुकट परत मिळत नाही. लाल अक्षरांची शेवटची ओळ शांतपणे वाचण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याला दर वेळी दुसऱ्याच्या दाराशी जाण्याची गरज पडणार नाही.